तीन सऱ्या सोडून

उसाला तुरा आला की बाहेरच्या माणसाला फार बरं वाटतं. गेल्या रविवारी वडगावच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक मुलगी बसली होती, बोलण्यावरून पुण्याकडची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रुपेरी तुरे हलत होते आणि ती खिडकीला नाक लावून मोबाईलवर ते टिपत होती. तिच्या शेजारच्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं थोडा वेळ ते सहन केलं. मग तिला समजावून सांगितलं की तुरा म्हणजे उसाची वाढ संपली, आता कारखान्याची तोड वेळेत आली नाही तर ऊस आतून पोकळ पडणार आणि वजनात मार बसणार. मुलीनं मान डोलावली आणि आणखी दोन फोटो काढले. मी मागं बसून दोघांचीही बाजू घेत होते. कोल्हापुरात राजारामपुरीत राहून मला सव्वीस वर्षं झाली, तिथल्या एका शाळेत मी मराठी शिकवते, आणि माहेर वडगावच्या पुढं, वारणेच्या अंगाला. त्यामुळं तुरा बघून मला आधी बरं वाटतं आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटतं.

हे दिवस आले की मला दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. घटस्थापनेला तो सुरू झाला आणि चांगली थंडी पडेपर्यंत चालला. त्या हंगामात आमच्या घरात एका क्रियापदावरून भांडण झालं. मराठी शिकवणारीच्या माहेरी क्रियापदावरून भांडावं याचं मला पहिले दोन दिवस कौतुकच वाटलं. पुढं कळलं की माझ्या वहिनीची तीन वर्षांची मेहनत त्या एका शब्दावर अडकून बसली आहे, तेव्हा कौतुक आटलं.

मालन वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. सातवी शिकलेली, आवाज खणखणीत, आणि एकदा मनावर घेतलं की मागं न फिरणारी. गावातल्या पाच घरांनी मिळून एक गट केला होता, त्यात ती पुढं. सरकारची योजना अशी की गटातल्यांनी तीन वर्षं रानात रासायनिक खत टाकायचं नाही, विषारी औषध मारायचं नाही. दर वेळी तपासायला दुरून कुणी साहेब येणार नाही. गटातल्याच माणसांनी एकमेकांच्या रानात फिरायचं, बघायचं, विचारायचं आणि खरं ते लिहून द्यायचं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी दाखला मिळतो, आणि मग आपल्या गुळाच्या ढेपेवर 'सेंद्रिय' असं छापता येतं. मध्ये कुठं औषधाचा संबंध आला, तर वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

वहिनीचं तिसरं वर्ष चाललं होतं. तण काढायला तिनं खुरप्याशिवाय कशाला हात लावला नव्हता. उसाची तोड झाली की मागं राहिलेलं पाचट आमच्याकडं सगळे पेटवून देतात, आणि मग आठ-आठ दिवस दोरीवरच्या धुण्यावर काळी काजळी उतरते. वहिनीनं पाचट सरीत दाबून कुजवलं. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन घालून पिंपं ढवळली आणि ते पाणी रानाला दिलं. दादा पहिल्या वर्षी तिला हसला, दुसऱ्या वर्षी गप्प बसला आणि तिसऱ्या वर्षी स्वतः काठी घेऊन पिंप ढवळायला लागला. याहून जास्त कबुली आमच्या घरातला पुरुष देत नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "वन्सं, सरकारचा कागद आलाय. मराठीत हाय म्हंत्यात, पण आमास्नी कळंना. येऊन वाचून दावा." मी गेले. घराच्या पुढच्या सोप्यात गटातली सगळी माणसं बसली होती आणि मधे चहाची किटली होती. मी लाल पेन घेऊनच वाचायला बसले, सवय जात नाही. 'सदर', 'उपरोक्त' आणि 'अनुषंगाने' यांच्या काट्याकुट्यांतून वाट काढत आम्ही शेवटच्या पानावरच्या एका वाक्यापाशी आलो. लगतच्या क्षेत्रात रासायनिक निविष्ठांचा वापर होत असल्यास सीमेलगत पुरेसा बफर पट्टा सोडण्यात यावा, असं ते वाक्य होतं. गटातले सगळ्यांत वयस्क आप्पा, त्यांनी शांतपणे विचारलं की बफे लग्नात असतो, तो रानात कशाला पाहिजे. सगळे पोट धरून हसले.

कृषी खात्याच्या मॅडम आल्या होत्या, वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी हसणं ओसरू दिलं आणि सोपं करून सांगितलं. शेजारी औषध मारत असेल तर वाऱ्यानं ते आपल्या पिकावर येतं. म्हणून बांधाला लागून आपल्याच हद्दीत थोडी जागा उसाविना ठेवायची, तिथं उंच वाढणारा झाडोरा लावायचा, आणि त्या जागेत येईल ते सेंद्रिय म्हणून विकायचं नाही. आमच्या रानाच्या उगवतीला दिनकरअण्णांचं रान आहे. आधीची दोन वर्षं त्यांच्या त्या तुकड्यात वैरणीचा मका होता, औषधाचा प्रश्न आला नव्हता. आता ते ऊस लावणार होते, आणि उसाला तणनाशक मारणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. वहिनीनं विचारलं, आमाला किती जागा ठेवाय लागंल. मॅडम रान पाहून आल्या होत्या. तीन सऱ्या, त्या म्हणाल्या. सरी म्हणजे ऊस लावायला पाडलेली लांब चारी, रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी.

दादा उठला, पायात चपला घातल्या आणि बाहेर गेला.

दिनकरअण्णा आमचे चुलतभाऊ, दादापेक्षा वर्षानं मोठे. दोघं एका बाकावर बसून शिकले, एकाच विहिरीत पोहायला शिकले, आणि एकमेकांना अरे-तुरे करत वाढले. त्या दिवशी मात्र त्यांचं बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. कारण दोघांच्या रानांमधला बांध.

माझ्या लहानपणी तो बांध चांगला ऐसपैस होता. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या दोघीजणी समोरासमोर आल्या तरी कुणाला रानात उतरावं लागत नसे. श्रावणात आई मला तिथं भाजी खुडायला न्यायची. पाथरी, तांदळी, घोळ, कुर्डू. भाजी ओच्यात, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या मुंग्याही ओच्यात. बांधावर एक बाभळ होती, तिच्यावर सुगरणीची घरटी लोंबायची, आणि तिच्या बुडात एक मुंगूस राहायचं. ते मला कधी नीट दिसलं नाही, फक्त शेपटी दिसायची. त्या बांधाची सगळी माती ओली असताना जो वास यायचा, तो मला अजून कधी कधी शाळेच्या मागच्या कुंड्यांना पाणी घालताना येतो आणि मी तिथंच उभी राहते.

मग बांध बारीक होत गेला. दर वर्षी नांगरट करताना बांधाला नांगर जरासा चाटवायचा, बोटभर. बोटभर मातीसाठी कोण बोलणार? इकडून वडील चाटवायचे, तिकडून काका. पुढं दादा आणि अण्णा. बैल गेले, ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टरला बोटभर कळत नाही. कुंपणानं शेत खाल्ल्याची म्हण आहे. आमच्याकडं शेतानं कुंपण खाल्लं. बाभळ गेली, भाजी गेली, शेवटी चालायला पाऊल मावेना. तेव्हा मग कुणी किती कोरलं यावरून दोघं भर रानात एकमेकांच्या अंगावर गेले. मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले गेले, आणि भाऊ बोलायचे थांबले. मी दोघांच्या घरी जायचे, कारण बहिणीला बांध नसतो.

म्हणून दादाचं उठून जाणं मला कळलं होतं. ज्या माणसानं आपला बांध खाल्ला असं त्याला वाटत होतं, त्याच्या बाजूला त्यानं आणखी तीन सऱ्या सोडायच्या होत्या.

सोडणं हे आमच्याकडचं फार कामाचं क्रियापद आहे. आम्ही सरी सोडतो, पाटाचं पाणी सोडतो, उपास सोडतो, जनावर चरायला सोडतो. यात कुणाचं काही जात नाही. पण जमिनीच्या कागदावर हा शब्द आला की त्याला एकच अर्थ उरतो, आणि तो शेतकऱ्याच्या हाडात बसलेला असतो. हक्क सोडला म्हणजे गेला. हे मला दादापेक्षाही जास्त माहीत आहे. वडील गेल्यावर मी हातकणंगल्याला जाऊन सही केली होती की वडिलोपार्जित जमिनीतला माझा हक्क मी राजीखुशीनं सोडत आहे. कायदा मुलीला वाटा देतो आणि रीत तो एका सहीनं परत घेते. येताना दादानं मला चांगली साडी घेतली. मला त्याचा राग नाही असं मी विचारणाऱ्यांना सांगते. थोडा आहे.

त्या कागदात आणखी एक कलम होतं. शेजारी शेतकऱ्यानं आपण काय आणि केव्हा फवारतो हे लिहून सही द्यायची. अण्णांकडं जाणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

दसऱ्याला मी सोनं द्यायला दोन्ही घरी जाते, त्यामुळं निमित्त शोधावं लागलं नाही. अण्णांच्या घरी थोरल्या वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, गुडघ्यांना तेल लावून बसल्या होत्या. त्यांना आता उकिडवं बसता येत नाही. अण्णांनी आपट्याची पानं घेतली, मला जवळ बसवलं, पोरांची चौकशी केली. मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावला, बोट एका शब्दावर ठेवलं आणि कागद परत दिला. "सुमन, यात 'सीमा' लिव्हलंय. म्हंजे मोजणीचाच कागद हाय ह्यो."

मी परोपरीनं सांगितलं की मोजणीशी याचा संबंध नाही. ते ऐकत होते, पण त्यांचा विश्वास बसत नव्हता. ते म्हणाले की सही केली तर आजचा बांध मी कबूल केला असं होईल. तणनाशकाबद्दल मात्र ते सरळ बोलले. बाया मिळत नाहीत, घरात हातपाय चालणारा एकटा मी, खुरपून रान कधी व्हायचं? "मी मारतो ते माझ्याच रानात मारतो. वाऱ्याला काय सांगू, हिकडं जा नि तिकडं जाऊ नगं म्हणून?" मी निघाले तेव्हा ते उंबऱ्यापर्यंत आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "बांध मीबी कोरलाय. तुझ्या बापानंबी कोरलाय. पण हे कागदावर लिव्हू नगंस."

परतताना मी मनात सरकारशी भांडत होते. शिक्षकांना ही सवय असते. एका हातानं युरियाची गोणी स्वस्त करून द्यायची आणि दुसऱ्या हातानं सेंद्रियची शपथ घ्यायला लावायची, असा हा कारभार. नियम चांगला, पण लिहिणाऱ्याला आमचा बांध माहीत नाही. आणि तरीही त्या नियमातली एक गोष्ट मला मनापासून आवडली होती, ती मी नाकारू शकत नव्हते. शेजाऱ्याला विचारा, असं त्यात लिहिलं होतं. साहेबाला नव्हे, यंत्राला नव्हे, शेजाऱ्याला. आमच्या रानाचं खरंखोटं शेजारी सांगेल असं मुंबईत बसलेल्या कुणाला तरी वाटलं होतं. आमच्या गावात हे कुणाला वाटलं नसतं.

दसऱ्यानंतर तीन-चार दिवसांनी सऱ्या पाडायला ट्रॅक्टर आला. सोयाबीन निघालं होतं, नांगरट झाली होती, ढेकळं फुटून रान मऊ झालं होतं. मी मुद्दाम रजा काढून गेले होते. सकाळचं ऊन अजून बोचत नव्हतं आणि ट्रॅक्टरमागं बगळ्यांची रांग उभी होती, किडे मिळतील म्हणून. पहिली सरी जिथं पडेल, तिथून बाकीच्या सगळ्या सऱ्या ठरणार होत्या. ड्रायव्हर शेजारच्या गावचा होता. त्यानं इंजिन सुरू ठेवून दादाला विचारलं, "पावणं, पैली सरी कुठनं धरू?"

दादानं बांधाकडं बोट केलं. अगदी कडेला.

वहिनी ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन उभी राहिली. ओरडली नाही, आणि तिचं न ओरडणं आम्हाला नवीन होतं. "तीन वर्सं मी वाकून तण काढलंय. आता त्यांच्या फवाऱ्याचा एक थेंब आला तर मी पुन्ना पैलीच्या वर्गात जाऊन बसायचं व्हय?"

दादा म्हणाला, त्याला हे सगळं कळतं. पण आज आपण सोडलं की उद्या तो कोरणार. मोकळी जागा दिसली की ट्रॅक्टर आत येतो, हे त्यानं आयुष्यभर बघितलंय. "सोडायचं म्हंजे गेलंच की."

तेव्हा मी पर्समधून तो कागद काढला आणि लाल पेनानं 'सोडण्यात यावा' खोडलं. वर लिहिलं 'राखण्यात यावा'. दादाला म्हटलं, ज्यानं हे लिहिलंय त्याचं मराठी कच्चं आहे. जागा तुझी राहते, सातबारा तुझा राहतो, तिथली झाडं तुझी. फक्त ऊस नाही. याला सोडणं म्हणत नाहीत, राखणं म्हणतात. आणि मग माझ्या तोंडून ते निघून गेलं, जे मी कधी बोलणार नव्हते. "सोडणं कसं असतं ते मला विचार, दादा. मी सोडलंय."

इंजिन चालू होतं. दादानं माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे लाल झाले, माझेही झाले असणार. वहिनी खाली ढेकळांकडं बघत होती. कागद त्यानं हातात घेतला, लाल अक्षरं वाचली आणि म्हणाला, मग असंच लिहायला त्यांना काय झालं होतं. मग ड्रायव्हरकडं वळला. "तीन सऱ्या सोडून धर." माझ्याकडं न बघता म्हणाला, "राखून."

गेल्या रविवारी मी त्या पट्ट्यातून चालून आले. शेवरी डोक्याच्या वर गेली आहे, मधे एरंड आहे, आणि रानभेंडी दाट माजली आहे. या भेंडीच्या खोडाचा चिकट रस गुऱ्हाळात रस उकळणाऱ्या मोठ्या कढईत, काहिलीत, घालतात, त्यानं रसातली मळी वर येते आणि गूळ स्वच्छ होतो. पूर्वी भेंडी शोधायला लोक ओढ्याकाठी हिंडायचे. आता वहिनीकडं मागायला येतात. खाली पाथरी परत आली आहे, कुणी लावलेली नाही. मुंगूस आलेलं नाही, आलं असलं तर मला दिसलेलं नाही. त्या क्रियापदाबद्दल मी तालुक्याच्या कचेरीला सविस्तर पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तर आजतागायत आलं नाही. यंदाच्या छापील कागदावरही 'सोडण्यात यावा' असंच आहे. मी पेन काढलं आणि दुरुस्त केलं. आणि खोटं कशाला सांगू, अण्णा अजून तणनाशक मारतात. एका हंगामात सगळं गाव बदलल्याच्या गोष्टी मला पटत नाहीत.

पण त्या वर्षी दिवाळी होईपर्यंत आम्हा सगळ्यांचे डोळे अण्णांच्या ट्रॅक्टरवर होते. आमचा पट्टा उघडा होता, शेवरी वीतभर, भेंडी चार पानांची. अण्णांचा ट्रॅक्टर आला त्या दिवशी दादा दुसऱ्या टोकाला काहीतरी शोधायचं निमित्त करून रानातच थांबला होता. वहिनीनं मला नंतर सांगितलं की ट्रॅक्टर खुणेच्या दगडापाशी आला आणि वळला. नांगर बांधाला लागलासुद्धा नाही. दादा घरी आला आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मग थंडी पडली आणि तपासणीचा रविवार आला. गटातल्या चार घरांची रानं फिरून झाली होती, शेवटी आमचं. सोप्यात मी वर्षअखेरचे फॉर्म भरत होते. त्यात 'शेजारी शेतकऱ्याचे निवेदन' असा एक रकाना होता. चारही घरांच्या फॉर्मात तिथं एकच शब्द होता, निरंक. सरकारी मराठीत ज्या रकान्यात सांगण्यासारखं काही नसतं तिथं निरंक लिहितात, आणि सांगण्यासारखं असलं तरी तेच लिहितात. आमच्याही फॉर्मात मी तोच शब्द लिहिणार होते. अण्णांनी सही दिली नव्हतीच.

तेवढ्यात दारात अण्णा उभे राहिले. नऊ वर्षांत ते आमची पायरी चढले नव्हते. वहिनीनं पदर सावरला, दादा भिंतीकडं बघू लागला. अण्णा बसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं. "सुमन, लिव्हून घे. परवा मी उसात टूफोडी मारलं. मदीच वारा फिरला. तुमच्या पट्ट्यात गेलंय. भेंडीची पानं मुरगाळल्यात, आत्ता बघून आलो."

टूफोडी म्हणजे त्यांचं तणनाशक. उसाला ते काही करत नाही, रुंद पानाच्या झाडांची पानं मात्र वळून जातात. मग आप्पांनी खालच्या आवाजात म्हटलं की आपण काही ऐकलं नाही असं समजू, निरंक लिहू, वहिनीची तीन वर्षं वाचतील. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. अण्णाच त्यांच्यावर उखडले. "त्यानं पट्टा राखलाय, आन् मी गप बसू व्हय?"

वहिनीचंच सगळं पणाला लागलं होतं आणि ठरवायचंही तिलाच होतं. "लिव्हा वन्सं," ती म्हणाली. "खोट्यावर गुळाचं नाव छापायचं न्हाय मला."

आम्ही सगळे रानात गेलो. बांधाकडच्या पहिल्या सरीत भेंडीची पानं मुठीसारखी मिटली होती. दुसरीतही कडा वळल्या होत्या, कुठं जास्त, कुठं कमी. वहिनी तिसऱ्या सरीत शिरली आणि एकेका रोपाचं पान हातात धरून उलटंसुलटं करत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आम्ही काठावर उभे होतो. परत आली तेव्हा म्हणाली, सगळी पानं सरळ हायत. मी मॅडमना फोन लावला, फोटो पाठवले. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली आणि म्हणाल्या की पट्टा याचसाठी असतो, औषध त्यात अडलं, ऊस शाबूत आहे, तिसरं वर्ष जात नाही. फक्त जसं घडलं तसं लिहा आणि शेजाऱ्याची सही घ्या. सगळीकडं निरंक दिसतं तेव्हाच मला शंका येते, असंही म्हणाल्या. वहिनी तिथंच मातीत बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मला तिच्या शेजारी बसावंसं वाटलं, म्हणून मीही बसले.

अण्णा बांधावर टेकले. फॉर्म गुडघ्यावर ठेवून त्यांनी निवेदन लिहायला घेतलं, सावकाश, एकेक अक्षर दाबून. दादा पलीकडं उभा होता. त्यानं ते लिहिणं बघितलं. मग विचारलं, "किती वाजता मारलंस?"

अण्णांनी मान वर केली नाही. "धा वाजलं असतील."

"धाला वारा सुटतोय. दव उडालं की लगेच माराय पायजे. साडेआठला."

"साडेआठला मी डेअरीत रांगेत असतो. हिचं गुडघं गेल्यापासनं धार मलाच काढाय लागती. दूध कोण घालणार?"

दादानं पायाखालचं ढेकूळ फोडलं. "फवारायचं असंल त्या दिवशी सांग. तुझं दूध मी घालतो."

अण्णांनी खाली सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्याकडं दिला. मग उठून मागची माती झाडत दादाला म्हणाले, "गाईचं येगळं आन् म्हशीचं येगळं घालाय लागतंय. किटल्या दोन हायत."

"मग मला हात बी दोन हायत की," दादा म्हणाला.